चौदा विळे

लोहारानं सकाळीच भट्टीची मागची भिंत पाडायला घेतली. पहार घातली की मातीची ढेकळं धपाधप खाली येत होती. आत धूळ, बाहेर धूळ, आणि मधे हा गडी अंगात वारं शिरल्यासारखा. बायको भांडी घासता घासता उठून आली, हाताला राख तशीच.

"अहो, हे काय चालवलंय? भिंतीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"उजेड पाहिजे. उजेड आणि वारा. या अंधारात दिवसाला सोळाच विळे होतात. आता उजाडल्याबरोबर काम सुरू केलं तर चौतीस होतील."

"चौतीस? ते कशाला?"

"म्हणजे महिन्याचे हजार होतात. कापणीला महिनाच राहिलाय."

बायकोनं हजार हा आकडा ऐकला आणि आपल्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. त्या भट्टीत सांडशी धरायचा तो आणि घण मारायची ती. लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून मारत होती.

लोहार माणूस चांगला. हाताला चव होती, जिभेला काटा नव्हता. खोड एकच होती: कोणी खुर्चीत बसवून बोललं की ते त्याला खरं वाटायचं. आणि आदल्या दिवशी बाजारगावात लहान धंदेवाल्यांचा मेळावा होता, तिथं त्याला चांगलं गादीच्या खुर्चीत बसवलं होतं. पांढऱ्या बुटांचा एक माणूस दीड तास बोलला. ध्येय असं ठेवा की झोप उडाली पाहिजे, म्हणाला. लहान आकडा लिहिणारा लहानच राहतो, म्हणाला. लोहार तिथून उठला तो तरंगतच. तसाच अवजारांच्या दुकानात गेला आणि दुकानदाराला म्हणाला, "यंदा हजार विळे देतो." दुकानदार खिळे तोलत होता. वर न बघता म्हणाला, "आण." बस्स, एवढीच ती ऑर्डर.

"ध्येय असं पाहिजे की झोप उडाली पाहिजे," लोहारानं आता बायकोला ऐकवलं.

"झोप उडवायला ढेकूणही पुरतात," ती म्हणाली आणि भांड्यांकडे गेली.

भट्टीला खिडकी नव्हतीच. एक बुटकं दार, वाकून आत यायचं, आणि आत शिरलं की डोळ्यांना थोडा वेळ काही दिसायचंच नाही. ही जागा त्याच्या बापानं बांधलेली. बापानं खिडकी का ठेवली नाही ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि यानं कधी विचारलं नाही. सांगणाऱ्याला वाटतं एवढं तर कळत असेल, ऐकणाऱ्याला वाटतं विचारलं तर हसतील. पुष्कळ घरांत शहाणपण असंच वाया जातं.

दुपारपर्यंत भिंत गेली. आत लख्ख उजेड आला. कोपऱ्यातली जाळी दिसली, ऐरणीखालचा लाकडी ओंडका दिसला, बापाच्या वेळचा एक हरवलेला चिमटासुद्धा सापडला. लोहार लहान मुलासारखा खूश झाला. उरलेल्या भिंतीवर त्यानं चुन्यानं हातभर उंचीचा आकडा लिहिला: १०००. पाचवीतली मुलगी शाळेतून आली, आकड्याकडे बघून म्हणाली, "बाबा, शेवटचं शून्य कलतंय." त्यानं ते पुसून सरळ केलं.

*

विळे तो गाड्यांच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून करायचा. पाटा तापवायचा, छिन्नीनं पट्टी तोडायची, पट्टीला घणाखाली बाक द्यायचा, धार काढायची, मग पुन्हा बेतानं तापवून पाण्यात बुडवायची. यालाच पाणी देणं म्हणतात. विळ्याचं सगळं भवितव्य त्या एका बुडीत असतं. तापलेलं लोखंड डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं की बुडवायचं. त्याआधी बुडवलं तर विळा मऊ, त्यानंतर बुडवलं तर ठिसूळ. शेवटी पात्याच्या बुडाशी पंचानं तीन टिकल्या उमटवायच्या. ही बापाची खूण. आसपासच्या बायका दुकानात विळा हातात घेतला की आधी उलटा करून टिकल्या बघायच्या.

मुठी बसवायचं काम अक्काचं. अक्का लोहाराची थोरली बहीण, नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आलेली. तोंडानं फटकळ, हातानं चोख. तिच्याकडे आणखी एक काम होतं, ते बापाच्या वेळेपासूनचं. दिवसाच्या घाण्यातला कुठलाही एक विळा डोळे मिटून उचलायचा आणि त्यानं बकरीचं गवत कापून आणायचं. विळा चांगला असला तर अक्का काही बोलायची नाही. वाईट असला तर तो दारातून आत भिरकावायची आणि मग सगळा घाणा पुन्हा आगीत जायचा. वर्षातून एखाद्या वेळी असं व्हायचं.

आता चौतीस मुठी म्हटल्यावर अक्काला गवताला जायला वेळ कुठला? पहिले दोन दिवस ती गेली तीही घाईत, खुंटीवरचा जुनाच विळा घेऊन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अकरा मुठी शिल्लक राहिल्या तेव्हा लोहार म्हणाला, "अक्का, ते गवताचं आता राहू दे. बकरीला पोरगी चरायला नेईल."

"आणि विळा कोण बघणार?"

"मी काय आंधळा आहे? एवढ्या उजेडात काम करतोय."

अक्कानं पुढची मूठ जरा जोरातच ठोकली. पण लोहाराचं लक्ष भिंतीवरच्या आकड्याकडे होतं.

कामाला खरंच वेग आला. लोखंड असं काही वाकत होतं की त्याला स्वतःलाच नवल वाटायचं. आधी एका बाकाला तीनदा तापवावं लागायचं, आता दोनदात काम व्हायचं.

"बघ, वाऱ्यानं आग कशी धरतेय," तो म्हणायचा.

"आज लोण्यासारखं येतंय लोखंड," बायको म्हणायची. "घण बसतोय की नाही तेच कळत नाही. आणि ठिणग्या बघा कशा पांढऱ्या उडतात."

"मग चांगलंच आहे की. तुझ्याच खांद्याला आराम."

खांद्याला कसला आराम! लोखंड मऊ असो की कडक, घण उचलावा तर लागतोच. सोळांच्या जागी चौतीस म्हणजे घण दुपटीहून जास्त वेळा वर जाणार आणि खाली येणार. आठव्या दिवशी तिनं घणाची पकड बदलली. दहाव्या दिवशी घण खांद्यावरून नेण्याऐवजी कमरेच्या बाजूनं फिरवायला लागली. तेराव्या दिवशी सकाळी ती उंबऱ्यावर बसली, कंगवा मुलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "एवढी वेणी घाल गं माझी. हात वर जात नाहीये."

मुलीनं वेणी घातली. तिला नीट येत नव्हती, एक बट बाहेर राहिली. लोहार भट्टीत कोळसा भरत होता. त्यानं ते पाहिलं, आणि मान खाली घालून कोळसाच भरत राहिला. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटलं असं कबूल केलं असतं तर चौतीसाचं काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

अक्कानं मात्र त्या दिवशी मुठी ठोकता ठोकता तोंड उघडलं.

"आईचा उजवा खांदा आठवतो का रे तुला?"

"खाली होता."

"खाली का होता?"

"तसाच होता तिचा. जन्मापासून."

"जन्मापासून!" अक्का हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "माझ्या लहानपणी ती दोन्ही हातांनी मला उचलून माळ्यावर ठेवायची. शेवटच्या दोन वर्षांत तिचा घास तोंडापर्यंत जात नव्हता, मी भरवायचे. तू तेव्हा बाजार करत फिरायचास."

"अक्का, अठराव्या दिवशी सहाशे द्यायचेत. आता नको."

"बरं. नको तर नको."

*

अठराव्या दिवशी सहाशे बारा विळे गोणपाटात बांधून टेम्पोत चढले. दुकानदारानं त्याला अर्धा तास पोत्यावर बसवून ठेवलं, कारण गिऱ्हाईक होतं. मग विळे बघून म्हणाला, "बाप रे, खरंच आणलेस की!" लोहाराला वाटलं ही शाबासकी. तो छाती काढून घरी आला आणि दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या जवळपास चारशेंना लागला.

सहा दिवस गेले. खालच्या अंगाची शेतं लवकर पिकतात, तिथं कापणी सुरू झाली. सातव्या दिवशी दुपारी बुटक्या दारातून वाकून कोणी आलं नाही. पाडलेल्या भिंतीतून सरळ ताठ मानेनं आत आली ती फौजदारीण.

तिला सगळे फौजदारीणच म्हणायचे. वीस कापणाऱ्या बायकांची टोळी घेऊन ती शेतं उक्ती कापायला घ्यायची. उंच, काळी, आवाज असा की तीन शेतांपलीकडची बाई कंबर सरळ करायची विसरून वाकायची. तिनं पदराचा ओचा सोडला आणि ऐरणीवर तुकडे ओतले. विळ्यांची टोकं, विळ्यांची पाती, मुठीत अडकलेली बुडखं.

"मोज," ती म्हणाली. "अकरा आहेत. एका सकाळचे."

लोहारानं एक बुडखा उलटा केला. तीन टिकल्या त्याच्याकडे बघत होत्या.

"दगडावर मारले असतील बायकांनी," तो म्हणाला.

"माझ्या बायकांना तू कापायला शिकवतोस? ताटावर मोडले रे, ताटावर! वाळलेल्या ताटावर. एकीच्या पोटरीत टोक घुसलं, तीन टाके पडले. वीस जणी बांधावर बसल्यात आणि पीक उभ्यानं झडतंय. दुकानात दुसरे विळे होते. मी म्हटलं नको, तीन टिकल्यांचेच द्या. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं मी."

"पाटाच खराब आला असेल. आजकाल लोखंडात भेसळ..."

फौजदारिणीनं बोलू दिलं नाही. कोपऱ्यातल्या ढिगातला एक नवा कोरा विळा उचलला आणि ऐरणीच्या कडेवर आपटला. काटकी मोडावी तसा तो मोडला. तिनं दुसरा उचलला. तोही मोडला. तिसरा तिनं लोहाराच्या हातात दिला.

"आता तू मार. मला पाप नको."

त्यानं मारला. टोक उडून भात्याच्या कातड्याला लागलं. शाळेतून येऊन भाता मारत बसलेली मुलगी मागे सरकली. त्यानं मोडलेली कड डोळ्याजवळ नेली. चांगल्या पात्याचा मोड राखाडी आणि मऊसर दिसतो. याचा साखरेसारखा जाड दाणा चमकत होता. बापानं असा दाणा एकदा दाखवला होता आणि म्हटलं होतं, हे मेलेलं लोखंड, जास्त तापून मेलेलं.

"मी जास्त तापवलं नाही," तो पुटपुटला. "रंग बघूनच काढतोय. डोळ्यादेखत काढतोय."

"मला माझ्या बायकांसाठी विळे दे," फौजदारीण म्हणाली. तिचा आवाज आता उतरला होता आणि त्यानंच लोहाराला जास्त लागलं. "तुझा बाप असता तर मी शिव्या दिल्या असत्या. तुला काय देऊ?"

ती पाडलेल्या भिंतीतूनच निघून गेली.

लोहार वेड्यासारखा पुन्हा भट्टीपाशी बसला. "भाता मार," मुलीला म्हणाला. पट्टी आगीत घातली. डोळे फाडून बघत राहिला. दुपारचं ऊन उतरून थेट भट्टीवर येत होतं, आणि समोर उभ्या बायकोच्या डोळ्यांतही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "काही दिसत नाहीये. घण बोटावर बसायचा." तिनं डाव्या हातानं एक जुनं तरट ओढलं, पाडलेल्या जागी वरच्या वाशाला अडकवलं, मग दुसरं अडकवलं. भट्टीत पहिल्यासारखा अंधार झाला.

त्याच वेळी लोहारानं पट्टी बाहेर काढली होती. डाळिंबी लाल झाली म्हणून काढली होती. आणि आता त्या अंधारात ती पट्टी त्याच्या सांडशीत पिवळीजर्द पेटलेली होती, दिव्याच्या ज्योतीसारखी.

त्यानं पट्टीकडे पाहिलं. तरट बाजूला सारलं. उजेड आत आला आणि पट्टी लाल दिसायला लागली. तरट सोडलं. पिवळी.

"अगं," तो म्हणाला.

"काय?"

"उजेडामुळं आगच दिसत नव्हती गं मला."

भाता थांबला. पट्टी हळूहळू उतरत गेली, पिवळ्याची केशरी, केशरीची लाल, आणि मग काही क्षण अगदी डाळिंबाच्या दाण्यासारखी. चोवीस दिवसांत पहिल्यांदा त्याला तो रंग दिसला. लोखंड लोण्यासारखं का येत होतं, ठिणग्या पांढऱ्या का उडत होत्या, हे सगळं आता एका रांगेत येऊन उभं राहिलं. चांगलं चाललंय म्हणून तो ज्याच्यावर खूश होता, तेच मुळात बिघडलेलं होतं. आणि ते सगळं ठोकायला त्याच्या बायकोचा खांदा झिजला होता. तो ऐरणीपाशी खाली बसला आणि रडला. मुलगी बघत होती तरी रडला.

अक्का मुठींचं टोपलं बाजूला ठेवून आली. "रडून झालं की सांग," ती म्हणाली. "बकरी उपाशी आहे आणि मला विळा पाहिजे. एकच. पण धड."

*

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन दुकानात गेला. एकट्यानं जायचा धीर नव्हता, हे त्यानं वाटेत कबूल केलं. दुकानदारानं या वेळी बसवून ठेवलं नाही. त्याच्या गल्ल्याशेजारीच मोडके विळे पडले होते.

"तुझ्या नावानं सकाळपासून शिव्या खातोय मी," दुकानदार म्हणाला.

"सगळे परत नेतो. विकलेलेही परत घेतो. तुमच्या पायरीवर बसून घेतो. पण हजारांचा शब्द काही पुरा होत नाही माझ्याकडून. काय बोलायचं ते बोला."

"हजारांचा कसला शब्द?"

"तुम्ही मागितलेले."

"मी?" दुकानदारानं तराजू खाली ठेवला. "अरे बाबा, मी वर्षाला चारशे विळ्यांच्या वर विकतच नाही. तू म्हणालास हजार, मी म्हटलं माणूस उत्साहात आहे, म्हणू दे. सहाशे आणलेस तेव्हाच मी म्हटलं, हे ठेवायचे कुठे? माझे दोर अजून बाहेर पडलेत बघ तुझ्या विळ्यांपायी."

लोहारानं बायकोकडे पाहिलं. तिचे खांदे हलत होते. आधी त्याला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती, पदर तोंडात कोंबून, आणि हसताना खांदा दुखत होता म्हणून मधेच 'आई गं' म्हणत होती. तिच्या हसण्यानं त्यालाही हसू फुटलं. दुकानदार दोघांकडे बघत राहिला. महिनाभर छातीवर बसलेला हा हजारांचा हत्ती त्याचा त्यानंच पाळला होता. दुसऱ्या कोणी तो पाठवला नव्हता. उठवायलाही दुसऱ्या कोणाला विचारायचं नव्हतं.

चार दिवस सकाळचा वेळ तो दुकानाच्या पायरीवर बसला. येणारा-जाणारा बोलून जायचा. "काय लोहार, काचेचे विळे काढलेस म्हणे!" "दादा, पुढच्या खेपेला मातीचे कर, स्वस्त पडतील." तो मान खाली घालून म्हणायचा, "चुकलं. आणा परत, चांगला देतो." दुसऱ्या दिवसापर्यंत लोकांची थट्टा संपली. रोज एकच गोष्ट कबूल करणाऱ्या माणसाला किती चिडवणार!

न मोडलेले विळे पुरते मेले नव्हते, नुसते बिघडले होते. बेतानं तापवून, राखेत निवांत निजवून, मग पुन्हा पाणी दिलं की त्यांत जीव येत होता. त्याला घण लागत नव्हता. लागत होती आग, अंधार आणि डोळा. पाडलेल्या जागी तरटांचे तीन पदर लागले. बायको खांद्याला गरम विटेचा शेक घेत दारात बसायची आणि तो पाणी द्यायचा.

पहिल्या दिवशी त्याची जीभ पुन्हा वळवळली. "दिवसाला शंभर सहज होतील. घण नाही म्हटल्यावर..."

"किती?" बायको म्हणाली.

"नाही म्हणजे, ऐंशी."

"अहो, आकडा सकाळी तोंडातून काढायचाच नाही. आधी करा. डोळे चुरचुरायला लागले की थांबा. संध्याकाळी वन्संच्या बकरीला विचारू. ती काय म्हणते ते खरं."

त्यानं तसंच केलं. चाळिसाव्या विळ्याला त्याला लाल आणि केशरी यांत शंका आली. तो थांबला. अक्कानं डोळे मिटून ढिगातला एक विळा उचलला आणि गवताला गेली. तेवढ्या वेळात लोहार तीनदा पाणी प्यायला, दोनदा दारात गेला. अक्का गवताचा भारा घेऊन आली, तो बकरीपुढे टाकला, विळा खुंटीला अडकवला आणि हातपाय धुवायला निघून गेली. एक अक्षर बोलली नाही.

"काही बोलली नाही," लोहार म्हणाला.

"नाही बोलली," बायको म्हणाली. दोघांनाही एवढं बरं वाटलं की त्यांनी चहा पुन्हा गरम करून घेतला.

पहिले वीस विळे तो स्वतः शेतात घेऊन गेला. फौजदारिणीनं एकेक विळा ऐरणीऐवजी बांधाच्या दगडावर आपटून पाहिला. एकही मोडला नाही. मग ती वाकली, मूठभर ताटं धरली आणि विळा ओढला. चर्र असा एकच आवाज झाला. तिनं बायकांकडे बघून मान हलवली आणि वीस जणी ओळीनं वाकल्या. पोटरीला पट्टी बांधलेली बाईही वाकली. लोहार बांधावर उभा राहून तो आवाज ऐकत राहिला. कोणी आभार मानले नाहीत. तेच त्याला पुष्कळ वाटलं.

*

कापणी संपल्यावर त्यानं भिंत पुन्हा बांधली. मातीत भुसा तुडवायला मुलगी होती, अक्का ढेकळं देत होती. आतल्या बाजूनं सारवताना चुन्याचा आकडाही लिंपला गेला.

पुढच्या हंगामाआधी फौजदारीण विळे सांगायला आली. या वेळी तिला बुटक्या दारातून वाकून यावं लागलं. आत येऊन ठेचकाळली आणि नेहमीची शिवी दिली.

"मला तीस पाहिजेत. कधी देशील?"

"तिसऱ्या दिवशी ये. दिवसाला चौदा करतो."

"चौदा? तुझा बाप सोळा करायचा. मला आठवतंय. हजारांवरून घसरलास तो बापाच्याही खाली?"

लोहारानं सांडशी ठेवली. बायको ऐरणीपलीकडे घणाच्या दांड्याला टेकून उभी होती. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "बापाचा आकडा बापानं ठरवला. घण मारणारीला त्यानं कधी विचारलं नाही. मी विचारलं."

अंधारात फौजदारिणीचा चेहरा दिसत नव्हता. पदर खोचत ती म्हणाली, "चौथ्या दिवशी येते. घाई नाही." आणि वाकून बाहेर गेली.

त्या दिवशी चौदावा विळा पाण्यातून निघाला तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. कोळसा विझवला. या उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते लोहाराला अजून नीट जमत नव्हतं. तो उगाच उंबऱ्यावर बसला, उगाच एक कानस पुसली. अक्का विळा घेऊन गवताला गेली होती. बायको हात धुऊन बाहेर आली आणि कंगवा शोधायला लागली. मुलीनं नेहमीसारखा हात पुढं केला, "दे, घालते."

"थांब जरा," ती म्हणाली.

तिनं केस सोडले. डावा हात मागे गेला. उजवा हात कोपरापर्यंत उठला, तिथं अडला, जरा थरथरला, मग सावकाश वर गेला, खांद्याच्या वर, कानाच्या वर. तिनं तीन पेड पाडले आणि वेणी घालायला लागली. लोहार कानस हातात धरून बघत होता. या वेळी त्यानं मान खाली घातली नाही.

"पोहोचला," ती म्हणाली.